अंधारनगरीचा जमाखर्च

सदर : दिवाणखान्यातील पडदा



सायंकाळी मोंढ्यातील वजनकाटे झाकले जातात, गादीवर रोजमेळ जुळतो, ज्येष्ठ मंडळी सूर्यास्ताच्या आत जेवून घेतात आणि त्यानंतर निलंग्यातीलच काय, आपल्या कोणत्याही गावच्या घराचे दोन भाग पडतात. खाली दिवाणखान्यात बातम्या नाही तर कौटुंबिक मालिका चालू असते. वरच्या खोलीत कानांत इअरफोन घालून बसलेली तरुण पिढी मोबाईलवर काही वेगळेच पाहत असते. आजोबांनी विचारलेच तर उत्तर मिळते, "बॅटमॅनच्या गावाची गोष्ट आहे." ते ऐकून आजोबा निर्धास्त होतात. चित्रकथांतला नायक म्हणजे मुलांची निर्मळ करमणूक, अशी त्यांची समजूत असते.

ही समजूत त्यांच्या काळापुरती खरीच होती. १९६४ साली मुंबईहून टाइम्स ऑफ इंडिया समूहाने सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत असत आणि १९९० पर्यंत ती चालली. त्यातील वेताळ दुष्टाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटवी, त्याला शासनाच्या स्वाधीन करी आणि आपल्या गुहेकडे परते. दुष्ट कोण आणि सुष्ट कोण, हे पहिल्याच पानावर कळत असे. ज्या बॅटमॅनचे नाव आज मुले घेतात त्याचा जन्म १९३९ सालचा. १९६६ साली अमेरिकेत त्याच्यावर जी दूरचित्रवाणी मालिका निघाली तीही हसतखेळत पाहावी अशीच होती. पुढे १९८६ च्या सुमारास फ्रँक मिलर यांच्यासारख्या लेखक-चित्रकारांनी त्याच पात्रांना प्रौढ वाचकांसाठी काळ्या रंगात रंगवले आणि तेव्हापासून या कथांचे वळणच पालटले. 'गॉथम' ही मालिका त्या वळणावरची आहे. आजच्या सदरासाठी तीच निवडली आहे.

२०१४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका एप्रिल २०१९ मध्ये संपली. पाच पर्वे आणि बरोबर १०० भाग. ब्रूनो हेलर यांनी तिची रचना केली. ज्या बॅटमॅनच्या नावावर मुले ती पाहू लागतात तो मुखवट्यासह अगदी अखेरच्या भागात ओझरता दिसतो. मालिका आहे ती तो घडण्यापूर्वीच्या नगराची आणि ज्या माणसांनी त्या नगराला तसे केले त्यांची. म्हणून तिला वीरकथेपेक्षा गुन्हेकथा म्हणणे योग्य होईल, आणि तिच्यातील काळोखही गुन्हेकथेचाच आहे.

पहिल्याच भागात नगरातील सर्वांत धनाढ्य दांपत्य, थॉमस आणि मार्था वेन, एका गल्लीत आपल्या लहानग्या मुलासमोर मारले जाते. तपास येतो जिम गॉर्डन या नव्याने रुजू झालेल्या प्रामाणिक अधिकाऱ्याकडे. काही दिवसांतच त्याच्या लक्षात येते की ज्याला खुनी म्हणून गोळी घातली गेली तो निरपराध होता, त्याच्या घरी पुरावा पेरलेला होता आणि पोलीस व टोळीवाले यांची खाती केव्हाच एकत्र झाली आहेत. नगराचा खरा धनी कारमाइन फाल्कोनी हा टोळीप्रमुख गॉर्डनची निष्ठा पारखण्यासाठी त्याला एक काम देतो. ऑस्वाल्ड कॉबलपॉट नावाच्या चुगलखोर पोऱ्याला बंदराच्या धक्क्यावर नेऊन संपवावयाचे. गॉर्डन त्याला नेतो, गोळी बाजूला झाडतो, त्याला पाण्यात ढकलतो आणि सगळ्यांना सांगतो की काम झाले. हाच ऑस्वाल्ड पुढे 'पेंग्विन' या नावाने साऱ्या नगरावर राज्य करतो.

या धक्क्यावरच मालिकेचा पाया आहे. गॉर्डनने जीव घेतला नाही, ही गोष्ट त्याच्या जमेला. परंतु तो खोटे बोलला, आणि त्या खोट्याचा एकमेव साक्षीदार ज्याला त्याने सोडले तोच होता. त्या घटकेपासून पेंग्विनची गॉर्डनवर उधारी चढते. पहिल्या पर्वाच्या अठराव्या भागाचे नावच मुळी 'प्रत्येकाचा एक कॉबलपॉट असतो' अशा अर्थाचे आहे. पोलीस आयुक्त लोएब याने आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या एकेका दुष्कृत्याचा पुरावा जपून ठेवलेला असतो. प्रत्येकाला कधी ना कधी अशाच एका धक्क्यावर उभे केले गेले होते, आणि गॉर्डनचा सहकारी हार्वे बुलक याच्यासारख्या अनेकांनी तिथे गोळी बाजूला झाडली नव्हती. संपूर्ण खाते वाकते ते असे, एकेका माणसाच्या एकेका गुपिताने.

व्यापारी घरातील वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या गादीवर कोणी कोणाला धक्क्यावर नेत नाही, हे खरे. परंतु मोसमाच्या गर्दीत काट्यावर किलोभर जास्त धरलेला कडता, शेतकऱ्याच्या पट्टीत न दाखवता कापलेली रक्कम, पावतीविना केलेला एखादा सौदा, या गोष्टींना कोणी तरी साक्षीदार असतोच. कधी तो मुनीम असतो, कधी हमाल, कधी समोरचा आडत्या. तोलामापातील त्या किलोची किंमत फार नसते. पण ते पाहणाऱ्या माणसाला त्यानंतर 'नाही' म्हणणे अवघड होते, आणि ही किंमत कोणत्याही खतावणीत लिहिलेली सापडत नाही.

मालिकेचे दुसरे पर्व हाच धागा पुढे नेते. आयुक्त लोएब गॉर्डनची नोकरी घालवतो. ती परत मिळावी म्हणून गॉर्डन पेंग्विनच्या दारी जातो. पेंग्विन नकार देत नाही, उलट हसून एक साधे काम सांगतो. ऑग्डेन बार्कर नावाच्या इसमाकडे आपली रक्कम अडकली आहे, ती वसूल करून आणावी. गॉर्डन आधी ठाम नकार देतो, मग स्वतःची समजूत घालतो की नगराच्या भल्यासाठी आपण पोलीस दलात असणे आवश्यक आहे, आणि वसुलीला निघतो. तिथे झटापट होते, जीव वाचवताना त्याच्या हातून बार्कर मारला जातो. गॉर्डन पैशाची थैली पेंग्विनच्या पुढे ठेवतो, लोएबला धमकावून पायउतार केले जाते, गॉर्डनला गणवेश परत मिळतो. धक्क्यावर त्याने जो खून केला नव्हता तो व्याजासह येथे घडला. या प्रसंगी मालिका आवाज चढवत नाही, गॉर्डनचा चेहरा तेवढा दाखवते. मला तरी हा भाग साऱ्या मालिकेत सर्वांत दाहक वाटला.

परंतु आपल्या वाचकांनी विचार करावा असा प्रसंग चौथ्या पर्वाच्या आरंभी आहे. तोवर पेंग्विन नगरात सर्वसत्ताधीश झालेला असतो आणि तो एक अजब व्यवस्था बसवतो. यापुढे गॉथममध्ये चोरी करावयाची असेल तर पेंग्विनचा परवाना हवा. परवानाधारकाने ठरलेला हिस्सा द्यावा, ठरलेल्या मर्यादेत चोरी करावी. परवान्याविना कोणी हात मारला तर पेंग्विनची माणसे त्याचा समाचार घेणार. महापौर आणि नवे आयुक्त यांची या व्यवस्थेला मूक संमती असते, कारण गुन्ह्यांचा आकडा खरोखरच घसरलेला असतो. पोलिसांना काम कमी आणि पाकीट वेळेवर. एकटा गॉर्डन विरोध करतो, आणि आश्चर्य असे की त्याचा राग गुन्हेगारांपेक्षा त्याच्या सहकाऱ्यांनाच अधिक येतो.

हा प्रसंग अतिशयोक्त वाटेल, पण त्याच्या मुळाशी व्यापाऱ्याच्या मनातील एक जुना मोह आहे. आपल्याला अनिश्चिततेचे भय असते. किती द्यावयाचे हे एकदा ठरले की ते खर्चाच्या बाजूस मांडता येते, मालाच्या किमतीत मिळवता येते आणि विसरता येते. मुंबईतील खंडणीखोर टोळ्यांचा काळ ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. बांधकाम, चित्रपट आणि व्यापार या क्षेत्रांत नव्वदच्या दशकात दूरध्वनीवरून मागण्या येत, आणि अनेकांनी त्या निमूटपणे पुऱ्या केल्या. अखेर १९९९ साली महाराष्ट्राला संघटित गुन्हेगारीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, त्यालाच आपण 'मोक्का' म्हणतो. पेंग्विनचा परवाना आणि ती खंडणी यांच्यात तत्त्वतः फारसा फरक नाही. शांतता दोन्हीकडे विकतच घेतलेली होती. विकत घेतलेल्या शांततेचा भाव विकणारा ठरवतो, आणि तो पुढे केव्हा वाढवावयाचा हेही तोच ठरवतो.

या साऱ्या काळोखात ब्रूस वेन हा अनाथ मुलगा काय करीत असतो? तो कागद वाचत असतो. वडिलांच्या मागे राहिलेली अफाट मालमत्ता, तीत 'वेन एंटरप्रायझेस' ही पेढी, आणि तिचे कारभारी संचालक मंडळ. अल्पवयीन वारस पेढीच्या फायली मागवतो, भिंतीवर टिपणे लावतो, भागधारकांच्या मेजवानीत जाऊन अवघड प्रश्न विचारतो. पेढीच्या नावाखाली काही काळी कामे चालली आहेत, असा त्याचा संशय दिवसेंदिवस बळावतो. त्याला सांभाळणारा आल्फ्रेड हा सेवकही आहे आणि पालकही. तो त्याला थोपवतो, कधी रागावतो, पण फायली हातातून हिसकावून घेत नाही. पहिल्या पर्वाच्या अखेरीस वडिलांच्या अभ्यासिकेत शेकोटीमागे दडलेला दरवाजा उघडतो आणि मुलाला कळते की वडिलांनाही एक गुप्त खाते होते. मालिका पाहणाऱ्या मुलांना या भागात हाणामारी कमी म्हणून कंटाळा येतो. माझ्या मते आपल्या घरांतील मुलांनी बारकाईने पाहावा असा हाच भाग आहे. वारशात केवळ दुकान आणि पत मिळत नाही, जुन्या वह्याही मिळतात. त्या उघडून वाचण्याचे धाडस वारसाने करावे की नाही, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला ते करू द्यावे की नाही, हा प्रश्न कोणत्याही पेढीला चुकलेला नाही.

ब्रूसच्या वाटेवरील दोन प्रसंग लक्षात राहतात. आईवडिलांचा मारेकरी असावा असा ज्याच्यावर संशय आहे तो मॅचेस मॅलोन त्याला अखेर सापडतो. मुलाच्या हाती पिस्तूल असते, आणि तो ते तिथेच ठेवून निघून जातो. पुढे तिसऱ्या पर्वात जेरोम नावाचा क्रूर तरुण आरशांच्या दालनात त्याच्या तावडीत येतो. हातात काचेचा तुकडा, समोर शत्रू, आणि आरशात स्वतःचा चेहरा. तो हात आवरतो आणि आपण जीव घेणार नाही असे ठरवतो. मात्र मालिका हे व्रत त्याला सहजी पाळू देत नाही. चौथ्या पर्वात ते त्याच्याकडून मोडते, आणि त्या ओझ्याखाली तो काही काळ पुरता भरकटतो. घेतलेला नियम मोडल्यावर माणूस कसा कोसळतो आणि पुन्हा कसा सावरतो, हे येथे बऱ्यापैकी प्रामाणिकपणे आले आहे.

आता दोषांकडे वळू. मालिकेतील हिंसा पुष्कळ आहे आणि काही ठिकाणी ती चवीने दाखवली आहे. खलपात्रांना लाभलेले संवाद, वेष आणि विनोद सज्जनांच्या वाट्याला येत नाहीत. पेंग्विनची भूमिका करणाऱ्या रॉबिन लॉर्ड टेलर यांचा अभिनय इतका प्रभावी आहे की पाहणारा नकळत त्याची बाजू घेऊ लागतो. शिवाय उत्तरार्धात मेलेली पात्रे वारंवार जिवंत होतात, त्यामुळे मृत्यूचे गांभीर्यच नाहीसे होते. लहान मुलांनी ही मालिका पाहू नये, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कुमारवयीनांनी पाहू नये असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचे कारण सांगतो.

काळ्या कथा आपल्या परंपरेला वर्ज्य नाहीत. रौहिणेय चोराची कथा आठवावी. राजगृहात धुमाकूळ घालणाऱ्या या चोराला बापाने मरताना शपथ घातलेली असते की महावीरांचा शब्द कानी पडू द्यावयाचा नाही. एकदा समवसरणाजवळून कानांत बोटे घालून पळताना पायात काटा रुततो, तो काढण्यासाठी हात खाली येतो, आणि देवांच्या लक्षणांविषयीची चार वाक्ये ऐकू येतात. देवांचे पाय भूमीला टेकत नाहीत, पापण्या लवत नाहीत, माळा कोमेजत नाहीत. पुढे मंत्री अभयकुमार त्याला मद्य पाजून खोट्या स्वर्गात जागा करतो आणि पूर्वकृत्ये वदवून घेऊ पाहतो. नर्तकींचे पाय जमिनीला टेकलेले पाहून चोर सावध होतो आणि सुटतो. नको असताना ऐकलेल्या चार वाक्यांनी जीव वाचवला, मग मनापासून ऐकले तर काय होईल, या विचाराने तो शरण जातो, चोरीचा माल परत करतो आणि दीक्षा घेतो. चोर, कावेबाज मंत्री, सापळा, सुटका, असा आजच्या गुन्हेमालिकेला लागणारा सगळा मसाला या कथेत आहे. परंतु ती कथा चोर चलाखीने सुटला तिथे थांबत नाही. तिथेच ती थांबवली असती तर ऐकणाऱ्याच्या मनात चोराचे कौतुक तेवढे उरले असते.

आणि आज नेमके हेच घडत आहे. मुले शंभर भाग पाहत नाहीत. ती पाहतात अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती. पेंग्विनने शत्रूला कसे फसवले, कसा टोला हाणला, छत्री फिरवत कसा चालत गेला, खाली दमदार संगीत आणि लाखोंची पसंती. कृत्य उरते, त्याचे फळ कापले जाते. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचा भार आपल्याकडे मानला आहे. पडद्यावरील गुन्हा पाहणाऱ्याने केला नाही, करवला नाही, पण त्या फितीवर पसंतीचे बोट दाबताना मनाने काय केले, एवढा प्रश्न तरी मुलाला विचारता येतो.

या पात्रावर २०२४ साली 'द पेंग्विन' नावाची आठ भागांची स्वतंत्र मालिका आली. कॉलिन फॅरेल यांची मुख्य भूमिका आहे आणि ती 'गॉथम'पेक्षाही अधिक उग्र, निखळ प्रौढांसाठीची आहे. तिच्यात हा माणूस विक्टर नावाच्या निराधार मुलाला हाताशी धरतो, धंदा शिकवतो. मुलगा जिवावर उदार होऊन त्याची साथ करतो. सारे काही मिळवल्यावर अखेरच्या भागात नदीकाठच्या बाकावर तो मुलगा कृतज्ञतेने त्याला आपले कुटुंब म्हणतो, आणि हा माणूस त्याच बाकावर त्याचा गळा आवळतो. आपुलकी ही दुबळी बाजू ठरेल, एवढेच त्याचे कारण. ज्या तरुणांना पेंग्विनची हुशारी भुरळ घालते त्यांनी हा शेवट पाहिलेला नसतो. गुमास्त्याला घरच्यासारखा वाढवणाऱ्या आपल्या पेढ्यांना त्या बाकाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

मग घरच्यांनी काय करावे? मुलांच्या हाती काय पडावे ही चिंता नवी नाही. १९५४ साली अमेरिकेत पालकांच्या ओरडीमुळे चित्रकथांच्या प्रकाशकांनी स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली, तर १९५६ साली आपल्या संसदेने तरुणांसाठी घातक असलेल्या सचित्र प्रकाशनांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. आजच्या ओटीटी सेवांना २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमावर वयाची खूण दाखवावी लागते : सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि केवळ प्रौढांसाठी. १३ वर्षांपुढील वर्गासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोयही त्यांनी द्यावयाची असते. ही सोय बहुतेक घरांत कोणी उघडूनही पाहिलेली नाही. दुकानाच्या तिजोरीला दोन किल्ल्या ठेवणाऱ्यांनी एवढे तरी करावे.

तथापि कुलपाचा उपयोग लहानांपुरता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मज्जाव केला तर तो मित्राच्या मोबाईलवर पाहील, आणि तेव्हा शेजारी बोलणारे कोणी नसेल. त्यापेक्षा रविवारी बाजार बंद असताना वडिलांनी अथवा काकांनी त्याच्यासोबत पहिला भाग पाहावा, पाहताना उपदेश करू नये, आणि संपल्यावर एकच प्रश्न विचारावा : धक्क्यावर गॉर्डनने काय करावयास हवे होते? मारले असते तर पाप, सोडून खरे सांगितले असते तर स्वतःचा आणि आप्तांचा जीव धोक्यात, सोडून खोटे सांगितले तर पुढची सगळी उधारी. मुलगा जे उत्तर देईल ते निमूट ऐकून घ्यावे. मग त्याने उलट विचारले की, "बाबा, तुम्ही काय केले असते?", तर त्यालाही उत्तर तयार ठेवावे, कारण तो ते विचारणारच.

आपल्या घरी काय उत्तरे मिळाली, हे पत्राने जरूर कळवावे. निवडक पत्रांचा परामर्श पुढील अंकी घेऊ.